आप्तांचा कान आणि परक्यांचा कान

मित्रमंडळी जमवून घरच्याच खोलीत आपला पहिला गीतसंग्रह मुद्रित करण्याची प्रथा अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. पूर्वी स्टुडिओचे भाडे आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीची मर्जी, या दोहोंवाचून होतकरू गायकास दूरचा श्रोता भेटणे कठीण असे. आता एक संगणक व एक मायक्रोफोन एवढ्यावर काम भागते. या सोयीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तिच्या पाठोपाठ एक मतही प्रसृत होऊ लागले आहे, त्याचा विचार करणे अवश्य वाटते. घरी गायिलेले गाणे केवळ घरी गायिले म्हणूनच अधिक सच्चे होय, सबब त्यातील उणिवांकडे रसिकांनी काणाडोळा करावा, असे हे मत आहे.

आमच्या धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. हातघडणीच्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा दिसतात. त्यांस जाणते गिऱ्हाईक दोष मानीत नाही. परंतु भांडे गळू लागले, तर ते हाताने घडविले आहे ही सबब कोणी ऐकून घेत नाही. घरगुती ध्वनिमुद्रणाची पारख करतानाही खूण कोणती आणि गळती कोणती, हाच विवेक करावयाचा असतो.

2019 साली बिली आयलिश या सतरा वर्षांच्या अमेरिकन गायिकेचा पहिला पूर्ण संग्रह प्रसिद्ध झाला. तिने व तिचे वडील बंधू फिनीअस यांनी तो मुख्यतः लॉस एंजेलिस येथील आईबापांच्या घरी, बंधूच्या निजण्याच्या खोलीत तयार केला. 2020 साली ग्रॅमी पारितोषिकांत तो वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रह ठरला. त्याच्या आरंभीच दात सरळ करण्याचे साधन तोंडातून काढल्याचा आवाज व भावंडांचे हसू ऐकू येते. ही ठोक्याची खूण होय. ती बुद्ध्या राखलेली आहे. पुढे मात्र तो कुजबुजता स्वर मोठ्या निगुतीने बसविलेला आढळतो, आणि अखेरचे ध्वनिमिश्रणही जाणत्या तंत्रज्ञाच्या हाती सोपविले होते. घर जवळचे म्हणून काम सैल झाले नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण 'द बँड' या मित्रमंडळाचे. 1968 सालच्या त्यांच्या पहिल्या संग्रहास न्यूयॉर्क राज्यातील एका गुलाबी घराचे नाव आहे. त्या घरी एकत्र बसून त्यांनी गाणी जुळविली; मुद्रण मात्र न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील स्टुडिओंत झाले. तरीही एकमेकांच्या आवाजास वाट करून देणारी त्यांची मैत्री त्या संग्रहात स्पष्ट ऐकू येते. तात्पर्य, घरगुतीपणा भिंतींत नसून गाणारांच्या परस्परसंबंधांत असतो.

आता हे संबंध कसे असावेत, याचा दाखला खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांस लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करता करता त्या गाणी रचीत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेविली. पुढे सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांस दाखविली, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंचा पहिला संग्रह निघाला. घरच्यांच्या कानाने गाणी वाचविली. बाहेरच्या मुरलेल्या कानाने त्यांची योग्यता पारखली. पहिला नसता तर गाणी वाऱ्यावर गेली असती. दुसरा नसता तर ती वहीतच राहिली असती. मात्र वहीत शब्द उतरले तरी गाणारीचा कंठ उतरत नाही.

आजच्या सोनगीरच्या तरुणास तो कंठही जतन करण्याचे साधन लाभले आहे. म्हणूनच त्याचा उपयोग कसा होतो याची आम्हांस काळजी वाटते. घरी अहिराणी बोलणारा मुलगा मायक्रोफोन पुढे येताच मुंबईच्या चित्रपटगीतांचे उच्चार करू लागला, किंवा यंत्राकडून प्रत्येक सूर सरळ करून घेऊ लागला, तर त्याने ठोक्यांच्या खुणाच घासून टाकल्या असे होईल. खोली घरची असूनही गाणे घरचे राहणार नाही. उलट ताल सुटला, शब्द अस्पष्ट राहिले, आणि मित्रांनी 'आपलेच आहे, चालेल' म्हणून ते पुढे पाठविले, तर ती गळती होय. अशा मित्रांनी गायकाचा घातच केला असे आम्ही म्हणू.

गल्लीतून येणारा हातोडीचा आवाज एखाद्या मुद्रणात शिरला, तर तो खुशाल राहू द्यावा. परंतु संग्रह प्रसिद्ध करण्यापूर्वी, 'हे पुन्हा गा' असे तोंडावर सांगणारा एक मित्र खोलीत असावा, आणि ज्याचा आपल्या मंडळीशी काही संबंध नाही अशा एका जाणत्यास तो आधी ऐकवावा. एवढे पथ्य पाळूनही जो जिव्हाळा गाण्यात उरेल, तोच खरा.