त्रिकोणी डोंगर कुठे आहेत?

पहिली-दुसरीच्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या उघडून पाहा. पानोपानी तेच निसर्गदृश्य आढळते: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि एक घर. खारघरमध्ये याचे विशेष नवल वाटते. इथे डोंगर अगदी दाराशी आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून तो बनला आहे. त्याचा माथा टोकदार नाही, पठारासारखा आहे. पावसाळ्यात तो हिरवागार होतो, पांडवकडा कोसळू लागतो. उन्हाळ्यात तोच डोंगर तपकिरी दिसतो. वहीत यातले काहीच नसते. कारण मुलांनी डोंगर पाहिलेला नसतो, फळा पाहिलेला असतो.

रेषा, आकार, रंग ही चित्रकलेची मुळाक्षरे. ती फळ्यावरून उतरवून घेतली की आली, असे आपण धरून चालतो. लहान मूल मात्र जे दिसते ते नव्हे, तर जे माहीत असते ते काढते, हे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली दाखवून दिले. म्हणूनच मुलांच्या चित्रात भिंतीतून घरातली माणसे दिसतात. ती चूक नव्हे, त्या वयाच्या आकलनाची नोंद आहे. खोडरबराने आपण ती नोंदच पुसून टाकतो.

शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये नई तालीमच्या मुलांना कला शिकवीत असत. त्या अनुभवावर आधारलेले त्यांचे ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. मोठ्यांचे नमुने मुलांवर लादू नयेत, हा त्यांचा आग्रह प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने मनावर घ्यावा असा आहे.

मात्र ‘मुलांना मोकळे सोडा’ एवढाच त्याचा अर्थ घेऊन आपण स्वस्थ बसलो, तर मुले पुन्हा त्रिकोणच काढतील. कारण तो नमुना रंगवायच्या पुस्तकांतून घरोघरी पोचलेला आहे. नमुना काढून घेतला, तर त्याच्या जागी काही द्यायला हवे: प्रत्यक्ष वस्तू आणि एखादा प्रश्न. प्रश्न चित्राविषयी नको, वस्तूविषयी हवा. ‘तुझा डोंगर चुकला’ असे म्हणण्याऐवजी ‘डोंगराचा माथा कसा आहे? लांबचा डोंगर जवळच्याइतकाच गडद दिसतो का?’ असे विचारावे. उत्तरासाठी मूल खिडकीशी जाईल. निरीक्षण सुरू होते ते तिथे, आणि विज्ञानाचा पहिला धडाही तोच असतो.

यासाठी वेगळ्या साहित्याची गरज नाही. जुलै, नोव्हेंबर आणि मार्च असे तीनदा, एकाच खिडकीतून, तोच डोंगर मुलांना काढायला सांगा. डोंगर नसेल तर अंगणातले झाड चालेल. चित्रांवर तारीख घाला, गुण घालू नका. वर्षअखेरीस तिन्ही चित्रे शेजारी शेजारी मांडा. डोंगरात काय बदलले आणि आपल्या पाहण्यात काय बदलले, हे मुलेच सांगू लागतील.