क्रमिक पुस्तक आणि गायनशिक्षक

हिंदुस्थानी गायन शिकविणाऱ्यांच्या हाती आजवर जी साधने आली, त्यांत पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच दाखविता येईल. याच मालिकेइतका दुरुपयोगही दुसऱ्या कोणत्या संगीतग्रंथाचा झाला नसेल, असे आम्हांस वाटते. या दोन्ही विधानांत विरोध नाही, हे दाखविण्याचा येथे विचार आहे.

प्रथम उपकाराविषयी. एके काळी एखादी चीज मिळविण्यासाठी शिष्यास उस्तादाच्या मर्जीची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पंडितजींनी देशभर हिंडून घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि दहा थाटांच्या व्यवस्थेने रागांचे वर्गीकरण केले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून हीच विद्या सर्वांस खुली केली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींच्या हाती तंबोरा आला, त्याचे बरेचसे श्रेय या दोघांस द्यावयास हवे. कागदावर उतरलेली विद्या मृत होते, असा आक्षेप जुने लोक घेत; परंतु जी चीज उस्तादाबरोबरच लोपली, तिच्याहून कागदावरची चीज अधिक मृत कशी?

तथापि स्वरलिपीची मर्यादा ओळखली पाहिजे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, मींडेसाठी कमान, समेसाठी फुली, ही चिन्हे सुटसुटीत आहेत. परंतु दरबारी कानड्याच्या गांधारास जी रेघ, तीच बागेश्रीच्याही गांधारास! पहिल्याचे मंद आंदोलन त्या रेघेत कोठून येणार? भूप आणि देशकार यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. भूपात गांधार वादी आणि विस्ताराचा भर पूर्वांगात. देशकारात धैवत वादी आणि भर उत्तरांगात. पहिला रात्रीचा, दुसरा सकाळचा. हा भेद पुस्तक शब्दांनी सांगू शकते, ऐकवू मात्र शकत नाही. स्वरलिपी हा चिजेचा सांगाडा होय. त्यावर मांस चढविणे हे गुरूच्या गळ्याचे काम.

हे पंडितजींस ठाऊक नव्हते असे नव्हे. त्यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत लिहिली ती गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. शिष्य शंका काढतो, गुरु उलगडा करतो. विद्या प्रश्नोत्तराने वाढते, ही त्यांची श्रद्धा तेथे उघड दिसते. दोष आहे तो पुस्तकालाच गुरु करणाऱ्यांचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चिजेची स्वरलिपी मात्रांसह बिनचूक उतरविणारा विद्यार्थी पडद्याआडून भूप ऐकविला असता गोंधळतो. मग तो शिकला काय?

आज शिक्षकाच्या दिमतीस पंडितजींस स्वप्नीही न दिसलेली साधने आहेत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानच्या गाण्याच्या तबकड्या भरल्या गेल्या, त्या जेमतेम तीन मिनिटांच्या होत्या. आता संपूर्ण मैफिली मोबाइलवर घरबसल्या ऐकता येतात, तंबोऱ्याचा सूरही यंत्रातून मिळतो. परंतु साधनांच्या विपुलतेने पूर्वीचाच दोष नवे रूप घेण्याची भीती आहे. पूर्वी पुस्तक पाहून पाठ करीत, आता ध्वनिमुद्रण ऐकून नक्कल करतील.

म्हणून शिक्षकांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : चीज आधी तोंडी शिकवावी, ती विद्यार्थ्याने स्वतःच स्वरलिपीत लिहावी आणि मगच क्रमिक पुस्तक उघडून ताडून पाहावी. जेथे फरक पडेल, तेथेच खरा पाठ सुरू होतो. दुसरी : भूप–देशकारासारख्या समस्वरी रागांच्या जोड्या एकाच बैठकीत गाऊन दाखवाव्यात आणि भेद विद्यार्थ्यांकडूनच काढवून घ्यावा. तिसरी : एकाच रागाची तीन भिन्न घराण्यांची ध्वनिमुद्रणे ऐकवून, तिहींत समान काय आणि प्रत्येकाचे स्वतःचे काय, हे विचारावे. समान आढळेल तो राग. उरेल ती गायकी.

या तिन्ही गोष्टींस खर्च नाही. वेळ मात्र लागतो, आणि परीक्षेच्या घाईत तोच दुर्मिळ झाला आहे. ज्या पालकांस मुलाच्या प्रमाणपत्राची उत्कंठा आहे, त्यांनी त्याचा कान किती तयार झाला हेही कधी विचारावे. क्रमिक पुस्तक शिक्षकाच्या हाती असले तर ती दिवटी होय. त्याच्या जागी बसविले तर तो केवळ कागद.