हात कुणाचा, सही कुणाची?

‘हाताने केलेलं’ हा शब्द हल्ली फार सैल झाला आहे. साबणाच्या वडीवरही तो असतो आणि पापडाच्या पुड्यावरही. स्क्रीन प्रिंटच्या बाबतीत मात्र तो वापरण्याआधी जरा थांबावं लागतं. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाळीचं कापड, जिथे रंग नको तिथे बुजवलेली छिद्रं, आणि रबरी पट्टीने एका दमात ओढलेला रंग, एवढाच हा कारभार. एका रंगाला एक चौकट. चार रंग हवेत तर तोच कागद चार वेळा, नेमक्या त्याच जागी ठेवायचा. एक केसभर सरकला की ओठांचा लाल रंग गालावर जातो. आमच्याकडे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, क्षमावाणीची कार्डं अशीच छापली गेली आणि त्यांना कुणी कला म्हटलं नाही. तेच काम अमेरिकेत चित्रकारांनी हाती घेतलं, तेव्हा बाजारी छपाईपासून वेगळं दिसावं म्हणून त्याला ‘सेरिग्राफ’ असं भारदस्त नाव दिलं गेलं. नाव बदललं, पट्टी तीच राहिली.

मग एकाच चित्राच्या शंभर प्रती निघत असतील, तर त्यात हात शोधायचा कुठे? या प्रश्नासाठी मला सिस्टर कोरिटा केंट यांचं काम फार उपयोगी वाटतं. 1918 साली जन्मलेल्या कोरिटा अठराव्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एका कॅथलिक संघात दाखल झाल्या. संघाच्याच इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात त्या कला शिकवत. स्क्रीनचं तंत्र त्यांना शिकवलं ते मारिया मार्टिनेझ यांनी, मेक्सिकन चित्रकार आल्फ्रेदो रामोस मार्टिनेझ यांच्या पत्नीने. म्हणजे ही विद्या एका बाईकडून दुसरीकडे आली, आपल्याकडे लोणच्याचं प्रमाण येतं तशी. वर्षभर शिकवणं असे. छपाईला मोकळा वेळ मिळे तो ऑगस्टमधल्या दोन-तीन आठवड्यांपुरता. त्या दिवसांत विद्यार्थिनी आणि संघातल्या भगिनी ओले कागद वाळत घालायला धावत असत.

आता प्रत्यक्ष छाप पाहू. 1962 चा ‘वंडरब्रेड’ म्हणजे दुकानातल्या पावाच्या वेष्टणावरचे लाल, पिवळे, निळे ठिपके. वेष्टणावर ते गोल गरगरीत असतात, इथे ते वेडेवाकडे आहेत. कुणी म्हणेल, हाच तो हात! मला तसं वाटत नाही. वाकडेपणा हा हाताचा पुरावा नव्हे, तो संगणकही करून देतो. हात दिसतो तो निवडीत. रोजच्या पावाचं वेष्टण घ्यायचं, त्यावरचं नाव काढून टाकायचं, आणि चर्चमध्ये प्रसाद म्हणून वाटल्या जाणाऱ्या भाकरीची आठवण पाहणाऱ्याला होऊ द्यायची. दोन वर्षांनंतरच्या ‘दॅट दे मे हॅव लाइफ’मध्ये हीच गोष्ट अधिक धारदार होते. तिथे पावाच्या जाहिरातीतली मोठी अक्षरं आहेत आणि त्यांच्यासोबत केंटकीतल्या एका खाणकामगाराच्या बायकोचं, पोरांच्या भुकेबद्दलचं बोलणं. शेजारी गांधीजी आहेत, भुकेल्यापुढे देव येईल तो भाकरीच्याच रूपात, हे सांगणारे. जाहिरात, उपाशी घर आणि देव एकाच कागदावर आणून त्यांना भांडू देणं, ही गंमत नाही. अँडी वॉरहॉलही त्याच काळात डबे आणि बाटल्या छापत होता. पण त्याच्या डब्याकडे पाहताना मी थंड होते. कोरिटांच्या पावाकडे पाहताना मला कुणाच्या तरी ताटाची आठवण होते.

त्यांची अक्षरं कशी तयार होत, हेही सांगण्यासारखं आहे. मासिकातली जाहिरात चुरगळायची किंवा वाकवायची, तिचा फोटो काढायचा, ती वळलेली अक्षरं गिरवायची आणि हाताने स्टेन्सिल कापायची. विकत घेण्याचा हुकूम देणारा शब्द असा चुरगळला की त्याचा हुकूम संपतो, उरतो नुसता शब्द. परिग्रहाबद्दल इतकं ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन कळायला हवं.

परिग्रहाचा आणखी एक धागा इथे आहे. छापाच्या बाजारात प्रतींवर क्रमांक घालण्याची पद्धत आहे, पन्नासातली सातवी, शंभरातली बारावी. प्रती कमी, म्हणून किंमत जास्त. पुढे कुणी छापू नये म्हणून मूळ स्टेन्सिल नष्टही करतात. कोरिटांच्या अनेक छापांवर सही आहे, पण क्रमांक नाही. साध्या माणसाच्या भिंतीवर चित्र जावं म्हणून त्यांनी किमती कमी ठेवल्या. मला हे त्यांच्या चित्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. जे माध्यम मुळातच वाटून घेण्यासाठी जन्मलं, त्यात मुद्दाम टंचाई निर्माण करणं म्हणजे पंगतीला बसवून वाढपी मागे खेचण्यासारखं आहे.

पण कौतुकावर थांबलं तर ती समीक्षा होत नाही. 1960 च्या दशकात स्थानिक आर्चबिशपची या कॉलेजावर आणि कोरिटांच्या चित्रांवर नाराजी वाढत गेली. 1967 च्या नाताळात त्या ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर आल्या. 1968 मध्ये थकलेल्या कोरिटांनी संघ सोडला आणि त्या बॉस्टनला गेल्या. आता त्या खऱ्या अर्थाने स्वतंत्र कलाकार झाल्या. पण त्यानंतरच्या छापांचं बहुतेक काम हॅम्बली यांच्या व्यावसायिक छपाईशाळेत झालं. 1971 मध्ये बॉस्टनच्या गॅसच्या प्रचंड टाकीवर त्यांचं इंद्रधनुष्य चढलं, तेही छोट्या नमुन्यावरून दुसऱ्या रंगाऱ्यांनी रंगवलं. म्हणजे पाहा, हात होता तेव्हा स्वातंत्र्य नव्हतं, आणि स्वातंत्र्य आलं तेव्हा हात दुसऱ्याचा झाला.

माझ्या मते नंतरच्या छापांत गोडवा वाढला आणि भांडण कमी झालं. जलरंगासारखे अलगद फटकारे, प्रेमाची-आशेची वाक्यं. ती वाईट नाहीत, पण दुसऱ्या कुणीही लिहिली असती. त्याचं कारण पट्टी दुसऱ्याने ओढली हे नाही, कारण आधीही कागद वाळत घालणारे हात इतरांचेच होते. माझ्या मते भोवतीचं गजबजलेलं घर सुटलं हे त्याचं कारण असावं. हुज्जत घालणाऱ्या विद्यार्थिनी, रागावणारे वरिष्ठ आणि ऑगस्टची घाई, हे सगळं त्या चित्रांचा भाग होतं. असं असूनही त्यांनी संघ सोडायला नको होता, असं मी म्हणणार नाही. चित्र चांगलं यावं म्हणून बाईने घुसमटत राहावं, हा सल्ला आपल्याला बऱ्याच जणांनी देऊन झाला आहे. आणि 1985 च्या ‘लव्ह’ टपाल तिकिटाकडे पाहिलं की मी आणखी मऊ होते. 22 सेंटचं तिकीट, 70 कोटींहून अधिक विकलं गेलं. हात कुठेच नाही, पण वाटून घेण्याची जुनी सवय शाबूत आहे.

जैन वाचकाच्या मनात एक शंका येईलच. या स्क्रीनचं कापड पूर्वी रेशमाचं असे, आणि रेशीम म्हणजे उकळत्या पाण्यातले कोष. ती शंका रास्त आहे. आज बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर किंवा नायलॉनची जाळी वापरतात आणि कामात काही उणं पडत नाही. छापणारीने आपली जाळी कशाची आहे हे सांगावं आणि घेणारीने विचारावं.

आपल्या काही मुली घरच्या गच्चीवर चौकटी मांडून ओढण्या, कार्डं, चित्रं छापतात. त्यांना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘मशीनवर स्वस्त पडतं ना गं?’ पडतं, नक्कीच पडतं. म्हणून तिच्या छापातला हलका डाग दाखवून ‘बघा, हाताचं आहे’ असं तिच्या वतीने समर्थन करण्यातही अर्थ नाही. तिने काय निवडलं, काय गाळलं आणि कुठला रंग शेवटी घातला, हे विचारावं. याचं उत्तर तिच्याकडे असेल तर काम तिचं आहे, मग पट्टी तिने ओढलेली असो की तिच्या धाकट्या जावेने. फक्त जावेने ओढली असेल, तर कार्डाच्या मागे जावेचंही नाव असू द्यावं.