‘कळविण्यात येते’ : एका गद्याची समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता वाचली, आत्मकथने वाचली, प्रस्थापितांच्या कादंबऱ्यांतील आपली अनुपस्थितीही वाचली. परंतु ज्या गद्याने आपल्या माणसांची घरे उठतात, जमिनी जातात, ते गद्य आपण समीक्षेच्या कक्षेत घेतलेच नाही. मी सरकारी जाहीर सूचनेबद्दल बोलतो आहे. हा वाङ्मयाचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. म्हणो. भाषा हे सत्तेचे हत्यार आहे असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. मग ते हत्यार जिथे उघड चालते तिथे पाहायचे नाही, हे कसे?

‘सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की...’ बी.ए.च्या वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि कळवणारा कोण ते शोधायला सांगितले. कोणालाही सापडला नाही. ज्याला कळवायचे तोही ‘संबंधित’ या शब्दात नाहीसा झालेला. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला आपण संबंधित आहोत हे उमगते. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या भूमिहीनाला ते कसे उमगावे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या व्याख्येत, संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणारी शेतमजुरांची, कुळांची कुटुंबेही ‘बाधित’ आहेत. कायद्याने त्यांना आत घेतले. सूचनेच्या भाषेने ती पुन्हा वेशीबाहेर ठेवली. ‘मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही’ हे वाक्य मात्र लख्ख समजते. धमकी द्यायची तेव्हा या गद्याला सोपे मराठी येते!

ही सूचना लावतात कुठे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १५० व्या कलमाप्रमाणे फेरफाराच्या नोंदीची नक्कल चावडीत ठळक जागी लावायची. चावडी! जिच्या पायरीखाली आपले आजे-पणजे हात जोडून उभे राहिले, ती जागा कोणाच्या डोळ्यांना ठळक? आणि सरकारचा सांगावा गावभर नेणारा तरी कोण होता? महारच. दवंडी त्याच्या तोंडून गेली, हलगी मांगाने वाजवली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक आणले. महारवतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. ती गुलामी गेली हे उत्तमच झाले, दवंडीचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एक गोष्ट खरी, की दवंडी ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही कानावर पडे. त्या आवाजाची जागा कागदाने घेतली आणि सांगण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

२०१३ च्या कायद्याने ही चूक अर्धी सुधारली. राजपत्र, दोन दैनिके (पैकी एक प्रादेशिक भाषेतले), पंचायत, तहसील, संकेतस्थळ, इतकेच नव्हे तर खास बोलावलेल्या ग्रामसभेत मजकूर सांगावा असेही त्यात आहे. पण हरकतीचे साठ दिवस मोजायचे ते प्रसिद्धीपासून, ग्रामसभेपासून नव्हे. म्हणजे ऐकणे हा उपचार आणि छापणे हा पुरावा.

दिल्लीत तर भाषेचाच दरवाजा बंद होता. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा केंद्र सरकारने २०२० च्या टाळेबंदीत लोकांच्या हरकतींसाठी काढला, तो इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले. ज्यांच्या शेजारी खाण निघायची, कारखाना उभा राहायचा, त्यांची मराठी, संताळी, तेलुगू सरकारला आपणहून आठवली नाही.

सगळे संकेतस्थळावर टाकले की प्रश्न मिटतो असे मानणारे सुधारक आज पुष्कळ आहेत. अभ्यासकाला, कार्यकर्त्याला त्याचा उपयोग होतो, मलाही होतो. पण वस्तीतल्या म्हातारीसाठी ती आणखी एक चावडीच. मागणी वेगळी हवी. सूचनेच्या पहिल्या ओळीत अधिकाऱ्याचे पद आणि काय जाणार आहे ते असावे. ती वस्तीत येऊन मोठ्याने वाचावी. वाचल्याच्या पंचनाम्यावर वस्तीतल्यांच्या सह्या-अंगठे असावेत आणि मुदत त्या दिवसापासून धरावी. खर्च कोण करणार, असे विचारतात. निवडणुकीत भोंग्याची रिक्षा शेवटच्या झोपडीपर्यंत येते, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही.