वसईचे सेंट जोसेफ चर्च आणि परागंदा घंटा

वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ हे पोर्तुगीज अमदानीतील तेथील मुख्य पॅरिश चर्च. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांच्या कारकीर्दीत, १६०१ मध्ये, त्याची पुनर्बांधणी झाली. १७३९ च्या मराठी विजयापाशी या चर्चचा इतिहास बहुधा संपविला जातो. परंतु हा झाला भिंतींचा इतिहास. उपासनेच्या वस्तूंचा नव्हे.

त्या वस्तूंपैकी घंटांचा माग किल्ल्याबाहेर लागतो. मेणवलीच्या कृष्णाघाटावरील घंटेवर १७०७ हे साल असून मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर अशा घंटा वसईहून आल्या, अशी परंपरा आहे.

येथे दोन विधाने वेगळी ठेवणे अगत्याचे आहे. मेणवलीची घंटा ख्रिस्ती उपासनेची, हे तिच्यावरील आकृतीच सांगते. ती वसईतील अमुक एका चर्चची, हे मात्र तिच्यावरील सालावरून सिद्ध होत नाही. कारण ते साल ओतकामाचे आहे, स्थानाचे नव्हे.

या घंटांना केवळ ‘विजयचिन्हे’ म्हणणेही अपुरे होय. मेणवलीच्या घंटेवरील आकृती कोणी घासून काढली नाही, आणि घंटेचे काम घंटेचेच राहिले. ‘पाद्री’ हा पोर्तुगीज शब्द मराठीत आला, मूळ ओळख राखून मराठी विभक्ती लेऊ लागला. या घंटांचे स्थलांतरही त्याच जातीचे आहे. त्यांची नोंद घेतल्यावाचून चर्चचा इतिहास अपुरा, आणि देवळाचाही.