मैत्रीच्या दारातून दिसलेली श्रीमंती

जॉन्सन हे आडनाव आपल्याकडे बाळाच्या पावडरीमुळे घरोघरी पोहोचले. त्या कंपनीच्या एका संस्थापकाचा पणतू जेमी जॉन्सन याने एकविसाव्या वाढदिवसाच्या, म्हणजे वारसा हाती येण्याच्या सुमारास आपल्यासारख्याच धनिक वारसांना कॅमेऱ्यासमोर बसवले. त्यातून झालेला ‘बॉर्न रिच’ हा माहितीपट २००३ साली अमेरिकेत दाखवला गेला. मराठी चित्रपटचर्चेत त्याचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

संपत्तीवरचे बहुतेक माहितीपट कुंपणाबाहेरून आत डोकावतात. इथे मात्र विचारणारा आतलाच आहे. गप्पांच्या ओघात बोलावे तसे हे तरुण बोलतात, फुशारक्याही मारतात. पैशाबद्दल चारचौघांत बोलायचे नाही, हा त्या वर्गाचा अलिखित नियम. जेमीचे वडीलही या उद्योगावर नाखूश दिसतात. कुटुंबाला त्याचे कारणही होते. आजोबांच्या मृत्युपत्रावरून झालेला खटला १९८६ साली वर्तमानपत्रांनी चघळला होता.

मैत्रीपोटी मोडलेला हा नियम पुढे कागदावर परतला. मुलाखत दिलेल्या एका तरुणाने फसवणुकीचा आरोप करत न्यायालयात धाव घेतली. ते त्याच्या बाजूने उभे राहिले नाही. मला हा प्रसंग चित्रपटाइतकाच बोलका वाटतो. श्रीमंतांच्या दोस्तीत विश्वास असतो, पण तो वर्तुळापुरता. बोललेले बाहेर गेले, की मित्र प्रतिवादी होतो.

व्हँडरबिल्ट-व्हिटनी घराण्यातला एक तरुण टेक्सासच्या तेलक्षेत्रात मजुरी केल्याच्या दिवसांबद्दल समाधानाने बोलतो. सबंध चित्रपटात मला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. माझ्या मते, आडनाव बाजूला ठेवून कुणाच्या खांद्याला खांदा लावण्याची भूक त्यात आहे. पण ही मजुरी त्याला हवी तेव्हा सोडता येणारी होती. शेजारच्या मजुराला तशी सोय नव्हती, आणि तो मजूर काही आपल्याशी बोलत नाही.

चित्रपटाची मर्यादा नेमकी इथे आहे. मित्राला मित्र जे सांगतो ते जेमीला मिळाले. मित्र मित्राला जे विचारत नाही, ते राहून गेले. हा पैसा कुणाच्या श्रमातून आला, हा प्रश्न तो रेटत नाही. ‘द वन पर्सेंट’ (२००६) या पुढच्या माहितीपटात तो विषमतेकडे थेट वळला, तेव्हा अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन मुलाखत अर्धवट सोडून उठले. तरीही मी ‘बॉर्न रिच’च अधिक मोलाचा मानतो. विशेषाधिकाराची भाषा तो शिकवत नाही, ऐकवतो.