'ड्रॅक्युला'तील व्हिटबीची दफनभूमी

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) ह्या कादंबरीतील व्हिटबीची प्रकरणे केवळ वातावरणनिर्मितीसाठी आहेत, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील ह्या बंदरात स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात राहिला होता. कड्यावरील सेंट मेरी चर्चच्या आवारात हिंडून त्याने थडग्यांवरील नावे उतरून घेतली. ती टिपणे आता फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. कादंबरीतील वृद्ध खलाशी स्वेल्स ह्याचे आडनावही तेथल्याच एका दगडावरचे.

हा स्वेल्सच त्या भागाचा खरा नायक होय. त्याचे बोलणे व्हिटबीच्या जाड बोलीत असल्याने वाचकाला ते ओलांडून पुढे जावेसे वाटते. परंतु तसे करणारा वाचक कादंबरीतील सर्वोत्तम पानांना मुकतो. शंभरीला टेकलेला हा म्हातारा मीना व लूसी यांना सांगतो, की हे दगड खोटे बोलतात. ज्यांची हाडे दूरच्या समुद्रांच्या तळाशी पडली, त्यांची थडगी येथे रिकामीच उभी आहेत. व्हिटबीला हे दुःख परके नव्हते. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात तेथील जीवरक्षक नौका उलटून १३ पैकी १२ जण बुडाले. वाचला तो बुचाचे जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन. मुली ज्या शिलेवर बसतात, तिच्यावर शोकाकुल मातेने लाडक्या पुत्राची स्मृती कोरविली आहे. स्वेल्सच्या म्हणण्याप्रमाणे तो पुत्र आईचा द्वेष करी, आणि तिने उतरविलेल्या विम्याचे पैसे तिला मिळू नयेत म्हणूनच त्याने स्वतःवर बंदूक झाडून घेतली.

येथवर कादंबरीकार मृतांच्या आयुष्यांची खरी चौकशी करीत असतो. पुढे मात्र तो ती सोडून देतो. आपली थट्टा मृत्यूच्या भयापोटी होती, अशी कबुली स्वेल्स देतो आणि थोड्याच दिवसांत त्याच बैठकीवर मान मोडून मेलेला आढळतो. पुरलेल्या इतक्या माणसांपैकी कथानकाला गरज उरते ती एकट्या आत्मघातक्याची. कारण त्याचे अपवित्र थडगे ड्रॅक्युलाला आश्रय म्हणून उपयोगी पडते. बाकीची नावे नुसती नावेच राहतात. ही काटकसर भयकथेच्या दृष्टीने समर्थनीय असेल, पण स्वेल्सने उपस्थित केलेल्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. चर्चला तर पुढे, येथे ड्रॅक्युलाचे थडगे नाही, अशी सूचना अभ्यागतांसाठी लावावी लागली.